रफू, ठिगळ आणि पाठशुद्धी

फाटलेले वस्त्र सांधण्याच्या संदर्भात मराठीत दोन शब्द विशेष रूढ आहेत : रफू आणि ठिगळ. रफू दिसू नये, हा त्याचा गुण. ठिगळ दिसते, हा त्याचा दोष. नित्य वापराच्या कपड्यांपुरता हा विवेक योग्यच होय. परंतु जे वस्त्र इतिहासाचे साधन म्हणून जपावयाचे, त्याच्या बाबतीत तो उलटा ठरतो. तेथे न दिसणारे रफू हे पोथीत नकळत शिरलेल्या प्रक्षेपासारखे असते.

फ्रान्समधील बायू येथील अकराव्या शतकातील चित्रजवनिका हे याचे बोलके उदाहरण आहे. चित्रजवनिका हे नाव येथे सैलपणेच वापरले जाते. कारण ह्या सुमारे ७० मीटर लांबीच्या पटावरील चित्रे विणलेली नसून लिननवर लोकरीच्या धाग्यांनी भरलेली आहेत. १०६६ मधील हेस्टिंग्जची लढाई हा त्याच्या अखेरच्या भागाचा विषय. तेथे राजा हॅरॉल्ड मारला गेल्याचे लॅटिन शब्द आहेत. त्यांपैकी राजाचे नाव डोळ्यापाशी बाण असलेल्या योद्ध्याच्या माथ्यावर येते, तर मृत्युवाचक क्रियापद घोडेस्वाराने पाडलेल्या दुसऱ्या योद्ध्यावर. मग राजा कोणता?

हा प्रश्न केवळ चित्र पाहून सुटत नाही. १७२९ मधील रेखाटनात पहिल्या योद्ध्यापाशी पिसे असलेला बाण नाही. चार्ल्स स्टॉथर्ड याने १८१९ च्या सुमारास केलेल्या प्रतिकृतीत तो आहे. एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीचे टाकेही ह्या पटात मिसळले आहेत. उलट, दुसऱ्या योद्ध्याच्या मस्तकाजवळ सुईची रिकामी छिद्रे आढळली असून, तेथेही पूर्वी बाण असावा असे काही अभ्यासक मानतात. एखाद्या कुशल हाताने ती छिद्रे सद्‌हेतूने भरली असती, तर हा पुरावा कायमचा बुजला असता.

प्रेक्षकाला अखंड चित्र हवे असते आणि उघडी फाट वाढत जाते, हा आक्षेप खरा आहे. २०२० च्या पाहणीत ह्या पटावर २४,२०४ डाग आणि कापड वा भरतकाम नष्ट झालेल्या ९,६४६ जागा मोजल्या गेल्या. तथापि आधार देणे आणि भर घालणे ह्या भिन्न क्रिया आहेत. जीर्ण भागाखाली जुळत्या रंगाचे कापड लावून, पुढे उसवता येतील अशा मोजक्या टाक्यांनी तो धरून ठेवता येतो. जुनी दुरुस्तीही सरसकट उसवणे इष्ट नव्हे. तीत जीर्ण धागे ताणले जातात, आणि ती दुरुस्ती हाही पटाच्या इतिहासाचाच भाग असतो. प्रत्येक टाक्याची नोंद मात्र अनिवार्य होय.

पाठचिकित्सक त्रुटित ओळीची जागा मोकळी सोडतो आणि आपली कल्पना तळटीपेत देतो. वस्त्राच्या संरक्षकाकडून ह्याहून वेगळी अपेक्षा करता येत नाही. त्याचे काम दुरून डोळ्याला खटकू नये, पण जवळून ओळखू यावे. रफू आणि ठिगळ यांच्यामधल्या ह्या तिसऱ्या क्रियेला मराठीत अद्याप रूढ नाव नाही. आणि नावाअभावी रफूचाच निकष तिला लावला जाण्याचा धोका आहे.