शंभरातले ऐंशी कोण?

धंतोलीत एक फेरी मारली तर इस्पितळे, क्ष-किरण केंद्रे आणि रोगनिदान प्रयोगशाळा यांच्या पाट्या एकीला एक लागून दिसतात. विदर्भाच्या गावोगावहून आलेली माणसे कागदपत्रांची पिशवी सांभाळत तिथे बसलेली असतात. त्यांतल्या काहींच्या अहवालात तोंडाचा कर्करोग लिहिलेला असतो. खर्र्याच्या या मुलखात त्याचे नवल नाही. अहवाल हाती आलेला माणूस डॉक्टरांना एकच विचारतो : "मी वाचेन ना?" विज्ञान याला काय उत्तर देते आणि ते किती भरवशाचे असते? त्यासाठी आपल्याच राज्यातला एक शोधनिबंध तपासून पाहू.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न जुनाच होता. तोंडातले अर्बुद लहान आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही. अशा वेळी अर्बुदाबरोबर मानेतल्या लसीका ग्रंथीही काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावे? कर्करोगाच्या पेशी तोंडातून बहुधा आधी मानेतल्या ग्रंथींत जातात. पण त्या तिथे पोचल्या आहेत का, हे बाहेरून खात्रीने कळत नाही.

संशोधकांनी रुग्णांचे दोन गट केले, तेही चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कोणाच्याही आवडीनिवडीवर न सोडता. पहिल्या गटात ग्रंथी लगेच काढल्या, दुसऱ्यात वाट पाहिली. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब असा : ग्रंथी लगेच काढलेल्या २४५ जणांपैकी ५० दगावले, वाट पाहिलेल्या २५५ पैकी ७९. तीन वर्षे जगण्याचे प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात ६७.५ टक्के आले.

इथे चौकस विद्यार्थी अडवील. २५५ मधून ७९ वजा केले तर १७६ उरतात, म्हणजे ६९ टक्के. मग ६७.५ कुठून आले? सगळ्यांवर पुरी तीन वर्षे लक्ष ठेवलेले नसते. कोणी उशिरा दाखल झालेला असतो, तर कोणाचा मृत्यू तीन वर्षांनंतर झालेला असतो. म्हणून प्रत्येक मृत्यूच्या वेळी किती जण निरीक्षणाखाली होते, ते पाहून टप्प्याटप्प्याने गुणाकार करतात. कॅप्लान आणि मायर यांनी १९५८ साली मांडलेली ही रीत नववीच्या मुलालाही समजेल. 'टक्के' हा शब्द दिसतो तितका साधा नसतो, एवढे त्यातून नक्की कळते.

निबंधाची थोरवी त्याच्या साधेपणात आहे. महागडे औषध नाही, नवे यंत्र नाही. वर्षानुवर्षे मतांवर चाललेला वाद मोजून सोडवला. असा प्रश्न जिथे रुग्णांची रीघ आहे तिथेच सुटू शकतो. आपल्या दुर्दैवाचा हा एवढा तरी उपयोग झाला.

आता उणीव पाहू. या आकड्यांनुसार एक मृत्यू टाळण्यासाठी सुमारे आठ जणांच्या ग्रंथी काढाव्या लागतात. उरलेल्या सात जणांचे प्राण या जादा शस्त्रक्रियेमुळे वाचले असे म्हणता येत नाही, पण खांदा दुबळा होण्याचा धोका मात्र सर्वांनी पत्करला. आठांतला तो एक कोण, हे निबंध सांगत नाही. तो गटाविषयी बोलतो, रुग्ण स्वतःविषयी विचारत असतो.

अर्बुद किती खोल रुतले आहे, हा एक दुवा निबंधात आहे. खोली ३ मिलिमीटर किंवा कमी असेल तर ग्रंथी काढण्याचा फायदा स्पष्ट दिसला नाही. मात्र असे रुग्ण थोडेच होते, त्यामुळे त्यावरून नियम बांधणे घाईचे ठरेल. २०१८पासून तोंडाच्या कर्करोगाची पायरी ठरवताना ही खोलीही धरतात. पण खोली ही अर्बुदाच्या स्वभावाची खूण आहे, कारण नव्हे. सारख्याच खोलीची दोन अर्बुदे, एक मानेत शिरते आणि दुसरे नाही, ते का? इथे मिलिमीटरची पट्टी अपुरी पडते.

ते उत्तर पेशींच्या जनुकांत शोधावे लागते. २०१३ साली भारतीय शास्त्रज्ञांच्या एका गटाने गाल आणि हिरडीच्या कर्करोगातील जनुकीय बदलांचा आराखडा प्रसिद्ध केला. आधी ५० रुग्ण तपासले, मग आणखी ६० रुग्णांत पडताळा घेतला. स्तनाच्या काही कर्करोगांत २१ जनुकांच्या चाचणीवरून केमोथेरपी टाळता येईल का, हे आज ठरवतात. तोंडाच्या कर्करोगाला तेवढी भरवशाची जनुकीय पट्टी अजून लाभलेली नाही.

समजा, अशी पट्टी उद्या आली. तरीही ती "वाचण्याची शक्यता ८० टक्के" असेच काहीतरी सांगेल. शंभरातले ऐंशी कोण, हे कोणत्याच टक्केवारीत लिहिलेले नसते. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली असा कर्करोग झाला, की त्याचे निम्मे रुग्ण आठ महिन्यांत दगावत. ते स्वतः त्यानंतर वीस वर्षे जगले. मध्यक म्हणजे शिक्षेचा निकाल नव्हे, हे त्यांनी लेख लिहून समजावले.

सरासरी, मध्यक, संभाव्यता हे धडे आपण फळ्यावर नाणी आणि फासे घेऊन शिकवतो. पुढच्या वेळी हे २४५ आणि २५५ चे आकडे घेऊन पाहा. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी धंतोलीहून आणलेली तशी पिशवी असेलही. त्यातला आकडा कसा वाचायचा, एवढे त्याला आपण नक्की देऊ शकतो.