तुलूझचे चार आकडे

९-५, ९-७, ७-९, ९-१.

फ्रान्समधल्या तुलूझ शहरात ११ नोव्हेंबर १९८६ रोजी स्क्वॉशच्या वर्ल्ड ओपनचा अंतिम सामना झाला, त्याचा हा निकाल. न्यूझीलंडच्या रॉस नॉर्मननं पाकिस्तानच्या जहांगीर खानला हरवलं. जहांगीर त्याआधी हरला होता तो एप्रिल १९८१ मध्ये, ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यात, ऑस्ट्रेलियाच्या जेफ हंटकडून. मधली साडेपाच वर्षं त्यानं कुणालाही जिंकू दिलं नव्हतं. सलग ५५५ विजय असा आकडा सांगितला जातो. त्यात दहा-वीस इकडेतिकडे झाले तरी गोष्टीचं वजन घटत नाही.

तुलूझचा विषय निघाला की सगळे जहांगीरच्या पराभवाबद्दल बोलतात. मला नॉर्मनच्या विजयाबद्दल बोलायचं आहे. तो या चार आकड्यांत जवळजवळ पूर्ण उतरलेला आहे. मात्र ते वाचायची जुनी रीत ठाऊक हवी.

आज व्यावसायिक स्क्वॉशमध्ये रॅली जिंकली की गुण मिळतो आणि गेम अकराची असते. १९८६ साली तसं नव्हतं. गेम नऊची (आठ-आठ अशी बरोबरी झाली तर दहापर्यंतही जाऊ शकायची), आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला. सर्व्हिस समोरच्याची असताना तुम्ही रॅली जिंकलीत, तर हाती फक्त सर्व्हिस यायची. फलक जागचा हलायचा नाही. पुढची रॅलीही जिंकली तरच एक गुण. त्यामुळे दोघं तुल्यबळ असले की सर्व्हिस इकडून तिकडे जात राहायची आणि आकडे गोठून बसायचे. १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या चिचेस्टरला जहांगीर आणि इजिप्तचा गमाल अवाद यांच्यातली पहिली गेमच एक तास अकरा मिनिटं चालली. अवादनं ती १०-९ अशी घेतली. एकाहत्तर मिनिटांत एकोणीस गुण! पुढच्या तीन गेम जहांगीरनं ९-५, ९-७, ९-२ अशा जिंकल्या. सामना एकूण दोन तास सेहेचाळीस मिनिटांचा झाला. या आकड्यांचा उतार पाहा. पहिली गेम गमावून जहांगीर काहीच गमावत नव्हता. समोरच्याच्या पायांतली ताकद तो तिथे काढून घेत होता.

जहांगीरचा खेळ असाच होता. भिंतीला चिकटून जाणारा, मागच्या कोपऱ्यात मरणारा ड्राइव्ह; किंचित सैल आलेला चेंडू कोर्टाच्या मध्यावरच्या ‘टी’पाशी उभं राहून हवेतच व्हॉलीनं परत; समोरच्याला श्वास घ्यायला म्हणून वेळ नाही. १९८२ मध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेची स्पर्धा त्यानं एकही गुण न देता जिंकली होती. हे बळ आलं कुठून, हे त्याच्या घरात पाहिल्याशिवाय कळत नाही. वडील रोशन खान १९५७ चे ब्रिटिश ओपन विजेते. थोरला भाऊ तोरसम १९७९ मध्ये ॲडलेडला सामना खेळतानाच कोसळला आणि गेला. पंधरा वर्षांच्या जहांगीरनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. मग भावाच्या आठवणीसाठी तो परतला आणि चुलतभाऊ रहमत खानच्या हाताखाली त्यानं स्वतःला घडवलं. सतराव्या वर्षी टोरांटोला त्याच जेफ हंटला हरवून तो जगज्जेता झाला. पेशावरजवळच्या या खान मंडळींच्या कथेचं एक पान मुंबईतही आहे. हाशिम खाननं १९४४ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा मुंबईतच जिंकली, अब्दुल बारीला हरवून. फाळणीनंतर मुंबईतच राहिलेला तो बारी १९५० मध्ये ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीत पोचला. ज्याला आपण हरवलं तो तिथवर जातो हे हाशिमनं पाहिलं, आणि १९५१ मध्ये तो स्वतः जाऊन ती स्पर्धा जिंकून आला.

आता नॉर्मन. त्याच्या घरी असा वारसा नव्हता. पाकिस्तानच्याच कमर झमानच्या मनगटात होती तशी जादू त्याच्याकडे नव्हती. सरळ, जोरकस, शिस्तीचा खेळ आणि घासून घासून कमावलेला दम. १९८३ मध्ये पॅराशूटच्या उडीत त्याचा गुडघा असा दुखावला, की खेळ संपल्यातच जमा होता. तिथून तो उठला आणि जहांगीरसमोर उभा राहायला लागला. १९८५ ची कैरोतली वर्ल्ड ओपन, अंतिम सामना, हार. १९८६ ची ब्रिटिश ओपन, अंतिम सामना, पुन्हा हार. कधीतरी एका दिवशी जहांगीरचा खेळ किंचित उतरलेला असेल आणि तेव्हा मी त्याला गाठीन, असं तो म्हणायचा. या बोलण्यातला ‘किंचित’ मला फार मोलाचा वाटतो. जहांगीर मोडून पडेल अशी आशा नॉर्मन करत नव्हता. केसभर फट मिळाली तरी पुरेल इतकी तयारी आपली हवी, आणि त्या दिवशी समोर आपणच हवं, एवढंच तो मागत होता. दुसरी मागणी पहिलीपेक्षा अवघड आहे. त्यासाठी दर मोठ्या स्पर्धेत बाकी सगळ्यांना हरवून, पुन्हा हरण्यासाठी अंतिम फेरीपर्यंत यावं लागतं.

तुलूझला ती फट दिसली. पहिल्या दोन गेम नॉर्मनच्या, ९-५ आणि ९-७. पण मागे पडलेला सामना जहांगीरनं फिरवणं जगाला नवं नव्हतं. तिसरी गेम त्यानं ९-७ अशी घेतली तेव्हा चिचेस्टरचा उतार पुन्हा सुरू झाला असंच पाहणाऱ्यांना वाटलं असणार. बावीस वर्षांचा जगज्जेता लयीत येतोय आणि सत्तावीस वर्षांच्या आव्हानवीराच्या हातातून तिसरी गेम थोडक्यात निसटली आहे. हरण्याची सवय असलेल्या माणसाला मोडायला याहून योग्य जागा नाही.

आणि त्यानंतर ९-१.

हा आकडा जुन्या रीतीनं वाचा. त्या संपूर्ण गेममध्ये स्वतःची सर्व्हिस असताना जहांगीरला फक्त एक रॅली जिंकता आली. सर्व्हिस त्यानं किती वेळा हिसकावून घेतली ते फलक सांगत नाही. कितीही वेळा घेतली असली, तरी ती मिळताच पुढच्या रॅलीत नॉर्मननं काढून घेतली, एक वेळ वगळता प्रत्येक वेळी. ज्या टप्प्यावर गेली पाच वर्षं जहांगीरचे प्रतिस्पर्धी गुडघ्यावर यायचे, नेमक्या त्याच टप्प्यावर नॉर्मन सगळ्यात घट्ट खेळला. जहांगीरचा तो दिवस नव्हता, असं म्हणून हा निकाल बाजूला सारणाऱ्यांशी माझं इथेच पटत नाही. पहिल्या दोन गेमपुरतं ते म्हणता येईल. चौथी गेम म्हणजे तिसरी गेम हातची गेल्यावरही न डगमगलेल्या माणसाचं काम आहे.

पुढची हकिगत थोडक्यात. १९८७ ची वर्ल्ड ओपन पाकिस्तानच्याच जानशेर खाननं जिंकली, १९८८ ची ॲम्स्टरडॅमला जानशेरलाच हरवून जहांगीरनं परत मिळवली. ब्रिटिश ओपन तर तो १९८२ ते १९९१ अशी सलग दहा वर्षं जिंकत राहिला, तुलूझच्या आधीही आणि नंतरही. नॉर्मन पुन्हा जगज्जेता झाला नाही. त्याच्याहून मोठे खेळाडू या खेळात अनेक झाले. त्याच्या त्या चौथ्या गेमहून मोठी गेम मला दुसरी माहीत नाही.