‘कंपॅटिबल’ म्हणजे नक्की कशाशी?

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या जुन्या मॅन्युअलमध्ये ‘एप्सन आणि आयबीएम कंपॅटिबल’ असं लिहिलेलं असतं आणि शेवटी आज्ञांचा तक्ता असतो. नावं जुळली की काम जुळलं, असं आपण धरून चालतो. माझा आक्षेप त्या तक्त्यावरच आहे, कारण शोधनिबंधात आपणही तसेच तक्ते करतो.

दोन्ही पद्धतींचं मूळ एकच. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी आणला, तेव्हा त्यासोबतचा ५१५२ प्रिंटर एप्सननेच एमएक्स-८० वरून बनवला होता. त्यामुळे आज्ञांची घडण सारखी: आधी एस्केप (कोड २७), मग एक अक्षर, आणि लागला तर आकडा.

आता ‘एस्केप ए ८’ घ्या. नऊ पिनांच्या प्रिंटरवर याचा अर्थ, ओळींमधलं अंतर ८/७२ इंच. एप्सन मोडमध्ये ते लगेच लागू होतं. आयबीएम मोडमध्ये आकडा नुसता लक्षात ठेवला जातो. पुढे ‘एस्केप २’ आली की मग लागू होतो. बरं, मग दोन्ही आज्ञा पाठवून मोकळं व्हावं का? तेही जमत नाही. एप्सनकडे ‘एस्केप २’ म्हणजे परत नेहमीचं १/६ इंच.

परिणाम बघा. आठ पिनांनी छापलेली चित्राची पट्टी ८/७२ इंच उंच असते. कागद १/६, म्हणजे १२/७२ इंच सरकला, की प्रत्येक पट्टीखाली ४/७२ इंचाची पांढरी फट राहते. एप्सनसाठी लिहिलेला प्रोग्रॅम आयबीएम मोडमध्ये चालवा, फट पडेल. आयबीएमसाठीचा एप्सन मोडमध्ये चालवा, तीच फट. लक्षण एक, कारणं उलटसुलट. नुसता कागद बघून निदान होणार नाही. पाठवलेले बाइट तपासावेच लागतील.

‘एस्केप ४’ने एप्सनवर तिरपी अक्षरं सुरू होतात, तर आयबीएम प्रोप्रिंटरवर पानाची वरची कड ठरते. हा फरक तक्त्यात निदान दिसतो तरी. ‘एस्केप ए’चा दिसत नाही, कारण तक्त्यात ‘केव्हा लागू’ असा रकानाच नसतो. शिवाय ‘एप्सन’ म्हणजे तरी कोणता? त्यांच्याच चोवीस पिनांच्या प्रिंटरवर ‘एस्केप ए’चा आकडा ७२ ऐवजी ६० ने भागला जातो. तिथे ‘एस्केप ए १२’ दिली की ११ इंचांच्या पानावर ६६ ऐवजी ५५ ओळी बसतात.

म्हणून ‘आम्ही अमुक यांचीच पद्धत वापरली’ असं लिहिताना तीन गोष्टी सांगा: कोणती आवृत्ती, सुरुवातीची स्थिती काय होती, आणि प्रत्येक पायरी कधी लागू झाली. हे नसेल, तर तुमचे आणि त्यांचे निकाल वेगळे आले की दोष पद्धतीचा की नकलेचा, हे परीक्षकांना कळणार नाही. आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही नाही.