मधली पिन आधी

जव्हार-मोखाड्यात गाडीला मडफ्लॅप लावून घ्यायची वेळ म्हणजे मे महिन्याची अखेर. एकदा पाऊस लागला की त्र्यंबक-मोखाडा-जव्हार-विक्रमगड रस्त्यावर चाकांनी उडवलेली तांबूस माती दाराच्या मुठीपर्यंत चढते, आणि ती गणपतीपर्यंत काही उतरत नाही. फ्लॅप लावणं तसं अवघड नाही. अवघड असतं ते त्याच्या आधीचं काम. ज्या भोकावर फ्लॅप बसवायचा, तिथे कंपनीने चाकावरचं आतलं प्लास्टिकचं अस्तर धरून ठेवायला एक काळी क्लिप आधीच ठोकलेली असते. कोणी तिला बटण म्हणतं, कोणी लॉक. ती निघत नाही म्हणून पक्कड येते, पक्कड घसरली की पेचकस येतो, आणि मग टोपी तुटून हातात येते. दांडा राहतो भोकातच.

हे पाहून जीव हळहळतो, कारण ही क्लिप फार विचाराने घडवलेली वस्तू आहे. तिचे भाग दोनच. बाहेरचा चपट्या टोपीचा, खाली पाय चिरलेला. आणि त्याच्या मधून जाणारी पिन. नुसता बाहेरचा भाग भोकात घातला तर तो सहज जातो, सहज निघतो. पिन दाबली की ती चिरलेल्या पायांना आतून फाकवते, पत्र्यामागे ते भोकापेक्षा रुंद होतात, आणि मग टोपीला कितीही ओढा, प्रत्येक ओढीबरोबर पाय पत्र्यावर अधिकच घट्ट बसतात. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढू लागले की ओहोळात बांबूच्या काड्यांचा सापळा लावतात. काड्यांची टोकं आत वळलेली, मासा आत शिरताना त्या वाट देतात, परतताना अडवतात. क्लिपची करामत त्याच जातीची आहे. पण सापळ्यात नसलेली एक गोष्ट तिच्यात आहे: परतीची वाट. करणाऱ्याने ती ठेवलेली आहे, आणि ती टोपीतून जात नाही, पिनेतून जाते.

ही वाट ओळखण्याच्या खुणा टोपीवरच असतात. चाकाच्या वरच्या अंधारात त्या दिसायला टॉर्च लागतो, पण असतात. पिनेच्या कडेला नखाएवढी खाच असेल तर तिथून पिन वर उचलायची. मध्ये नुसता खळगा असेल आणि कडेला खाच नसेल, तर पिन उलट थोडी आत दाबायची. ती पायांच्या पलीकडे सरकते आणि पाय मिटतात. अधिकचं चिन्ह असेल तर पेचकसाने फिरवायची. एकाच रंगाच्या, जवळपास एकाच मापाच्या तीन क्लिपा आणि तिघींची रीत वेगळी. ज्याने टोपी वाचली त्याचं निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं मातीचं. इथली माती बारीक. ती पिन आणि पाय यांच्यातल्या फटीत शिरते आणि उन्हाळ्यात वाळून विटेसारखी होते. मग पिन वर आली तरी पाय मिटत नाहीत, कारण मिटायला जागाच नसते. जव्हारच्या एका गॅरेजात हे काम चाललेलं पाहिलं. पोराने पक्कड उचलली तसा वयस्क मिस्त्री म्हणाला, "ठेव ती खाली. पाणी मार आधी."

"मारलं ना, मामा."

"अजून मार. गढूळ यायचं थांबू दे."

पाणी स्वच्छ गळू लागल्यावर त्याने प्लास्टिकची पातळ पट्टी खाचेत घातली. ओढलं नाही, पट्टीचं टोक किंचित वळवलं, दुसऱ्या बाजूने पुन्हा वळवलं. पिन केसभर वर आली, मग अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. त्याने पिन तशीच राहू दिली, दोन दात असलेली पट्टी टोपीखाली दांड्याला भिडवून सरकवली आणि सरळ खाली खेचली. तिरकं खेचलं असतं तर एक पाय सुटला असता, दुसरा अडकून मोडला असता. क्लिप अख्खी आली, पुन्हा वापरण्याजोगी.

पाण्याचा आणखी एक गुण आहे, तो मला सर्वांत मोहक वाटतो. अशा पुष्कळ क्लिपा नायलॉनच्या असतात. १९३५ साली ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं नायलॉन ६६ पाणी पितं. पूर्ण मुरलं तर आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास. मुरलेलं पाणी त्याला चिवट करतं, कोरडेपणा ठिसूळ करतो. म्हणजे जी क्लिप श्रावणात वाकून निघेल, तीच वैशाखात कट्‌कन तुटेल. आणि आपण तर ती काढायला बसतो वैशाखातच! म्हणून हाताला सोसेल इतकं गरम पाणी थोडा वेळ धरावं. मुरायला वेळ लागतो, पण ऊब तेवढ्यापुरती तिला मऊ करते.

दाराच्या आतल्या पॅनेलचं शास्त्र निराळं. तिथल्या क्लिपांना पिन नसते, त्या सरळ ओढूनच निघतात; मात्र मुठीच्या खळग्यात लपलेले स्क्रू आधी शोधावे आणि पट्टी क्लिपच्या अगदी लगत घालावी. दोन क्लिपांच्या मध्ये जोर लावला की क्लिप टिकते आणि तिला धरणारं पॅनेलचं घर फुटतं. क्लिप स्वस्तात मिळते, पॅनेल नाही.

डॅशकॅमची वायर लपवायला पुढच्या काचेच्या कडेचं आवरण काढणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगतो. छताच्या कडेला पडदा-एअरबॅग असेल, तर तिथली क्लिप दोन टप्प्यांची असते. पहिल्या टप्प्यानंतर ती आवरणाला धरूनच ठेवते, कारण एअरबॅग फुटली तर आवरण माणसाच्या तोंडावर येऊ नये. ती हिसका मारून काढू नये, आणि एकदा काढली की पुष्कळ गाड्यांत नवीच घालावी लागते. वायर रबराच्या कडेतून नेता येत असेल तर त्या आवरणाला हातच लावू नये.

चाकावरच्या क्लिपा परत बसवताना क्रम उलटा होतो. वर उचलायची पिन असेल तर ती आधी पूर्ण वर ओढलेली हवी. दाबलेल्या पिनेसकट क्लिप ठोकली की पाय भोकाबाहेरच फाकतात आणि वाकतात. खळग्याची पिन मागून ढकलून पुन्हा पुढे आणायची. भोकाची कड फडक्याने पुसायची, वरच्या क्लिपेवर फ्लॅप टांगायचा, सगळी भोकं जुळली की मगच एकेक पिन अंगठ्याने दाबायची, टोपीशी सपाट होईपर्यंत.