पगारदाराचा रविवार

गेल्या वर्षी बी. ए.च्या तिसऱ्या वर्गाला 'बलुतं' शिकवत होतो. दया पवारांनी महारकीच्या कामांचा जो पाढा वाचला आहे, तिथवर आलो. सरकारी सारा तालुक्याला पोचवायचा, अधिकाऱ्याच्या घोड्यापुढे धावायचे, मयताचा सांगावा गावोगाव न्यायचा, मेलेले ढोर ओढायचे. या कशालाही काळवेळ नाही. हाक आली की उठायचे. मी नेहमीप्रमाणे बलुते, वतन, वेठ हे शब्द फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावर एक विद्यार्थी बसतो. दुपारी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात कामाला जातो. सुटायची वेळ दहा, प्रत्यक्षात सुटतो अकरा-साडेअकराला. तो म्हणाला, "सर, माझंबी असंच हाय. रविवारी फोन आला की जायचं." वर्ग हसला. मीही हसलो. त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर 'सुपरवायझर' असे छापलेले आहे, आणि सुपरवायझरला कसली आली वेठ, असे त्या क्षणी मलाही वाटले. त्या हसण्याने पुढे बरेच दिवस मला स्वस्थ बसू दिले नाही.

दलित साहित्याने कष्टाचे जे चित्रण केले त्याला मराठीत तोड नाही, हे आता प्रस्थापित समीक्षकही मान्य करतात. पण आपल्या लेखनात कष्टाचा एक घटक ठळक आहे आणि दुसरा पुसट. काय काम केले हे आपण लिहितो, त्याबदल्यात काय मिळाले तेही लिहितो. किती वेळ केले हे फारसे लिहीत नाही. गावगाड्यापुरते हे समजण्यासारखे आहे. ज्या कामाला वेळच नव्हती त्याचे तास कोण मोजणार? अडचण पुढे सुरू होते. आत्मकथनातला मुलगा शिकतो, शहरात येतो, त्याला नोकरी लागते, आणि तिथून कष्ट या विषयावर पडदा पडतो. पुढची पाने कचेरीतल्या जातीची असतात. टोमणे, डावललेली बढती, भाड्याच्या खोलीसाठी लपवलेले आडनाव. ते सारे खरे आहे आणि लिहिलेच पाहिजे. पण सकाळी दहाला कचेरीत गेलेला हा माणूस घरी कधी परतला? रविवारी त्याला कोणी बोलावले? त्याबद्दल त्याला काय दिले? 'नोकरी लागली' हे दोन शब्द आपल्याकडे मुक्तीच्या अर्थाने आले आणि मुक्तीचे तास मोजायचे नसतात असा एक समज आपण करून घेतला.

बाबासाहेबांनी तो करून घेतला नव्हता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यांच्या मांडणीत मोबदल्याच्या अपुरेपणाइतकाच वेळेचा प्रश्न महत्त्वाचा होता. वतनदार महार चोवीस तास बांधलेला. तो घरी नसेल तर बापाने जायचे, नाहीतर घरातल्या आणखी कोणी. म्हणजे गावाने एका माणसाचे श्रम घेतलेले नव्हते, एका घराचा सगळा वेळ घेतलेला होता. कामाला आरंभ आणि शेवट नसणे हेच त्या गुलामीचे मर्म होते. ही वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले.

म्हणून घड्याळ ही आपल्या मुक्तीच्या लढ्यातली वस्तू आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती फार आधी हाती घेतली. १८८४ साली परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जूनला गिरणी मालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. आज सारा देश ज्या रविवारी उशिरा उठतो, त्याच्यामागे ही सभा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती सभा शोधून सापडत नाही, हा भाग वेगळा.

इथे आपल्याच माणसांशी थोडे भांडायला हवे. जयंतीच्या फलकांवर दरवर्षी लिहिलेले असते की बाबासाहेबांनी कामाचे तास चौदावरून आठ केले. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न तासांची मर्यादा होती. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ती नऊ आणि अठ्ठेचाळीसवर आली. आठवड्याचे सहा तास कमी झाले. कारखान्यातल्या पगारी रजेची १९४५ ची दुरुस्तीही त्यांच्याच खात्याची. हे सहा तास लहान वाटतात म्हणून आपण चौदाचा आकडा वापरतो, आणि इथेच तासांविषयीची आपली बेफिकिरी उघडी पडते. ज्याने एकेक तास कागदावर भांडून मिळवला, त्याच्या नावाने आपण ढोबळ हिशेब सांगतो.

पुढे जगजीवनराम मजूरमंत्री असताना १९४८ चा कारखाने कायदा झाला. त्याच्या ५९ व्या कलमाने दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवरच्या कामाला दुप्पट दर लावला. ५२ व्या कलमाने आठवड्याची सुट्टी दिली, आणि ती बुडालीच तर ५३ व्या कलमाने बदली सुट्टी. दुप्पट का? कारण दहावा तास पहिल्या तासासारखा नसतो. तो माणसाच्या झोपेतून, पोरांच्या अभ्यासातून, संघटनेच्या बैठकीतून कापून घेतलेला असतो. तो महाग असला तरच मालक विचार करील. दुप्पट दर हे बक्षीस नव्हे, मालकाच्या हाताला घातलेला तो लगाम आहे.

माझे वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हेल्पर होते. त्यांना अक्षरे जेमतेम येत, आकडे मात्र पक्के. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ आणि शेवटच्या रकान्यात 'डबल'. पगाराच्या दिवशी पाकिटातली चिठ्ठी आणि वही शेजारी ठेवून ते हिशेब लावत. दोनदा त्यांनी फरक काढून दाखवला आणि दोन्ही वेळा टाइम ऑफिसने तो भरून दिला. माझी पदवीची फी त्या 'डबल'मधून गेली. मी पुढे अधिव्याख्याता झालो आणि सलग तीन रविवार परीक्षेच्या कामाला जाऊन आलो. वडिलांनी विचारले, "डबल मिळाला का?" मी म्हणालो, "आमच्यात तसलं नसतं, बाबा." हे सांगताना माझ्या आवाजात थोडा अभिमान होता, तो आज नाकारून चालणार नाही. नंतर मी बदली सुट्टीचा अर्ज दिला. तो अर्ज वरिष्ठांच्या टेबलावरून हसत परत आला: प्राध्यापकाने असे अर्ज करायचे असतात काय?

त्या हसण्याला कायद्याचाही थोडा आधार आहे. १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे. शिकवणे हे कारकुनीही नाही आणि अंगमेहनतीचेही नाही, ते एक उदात्त कार्य आहे. ज्यांच्या पूर्वजांना गावाने 'हे तुझे वतन आहे, हा तुझा मान आहे' असे सांगून फुकट राबवले, त्यांनी उदात्त या शब्दाकडे जरा सावधपणेच पाहावे. गंमत अशी की त्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावरचा माझा सहकारी नेमका उलट्या बाजूने मारला जातो. त्याचे वर्गातले तास तेवढे मोजतात. तयारी, पेपर तपासणी, सुट्टीचा महिना हे काहीच नाही. माझे तास मोजत नाहीत आणि त्याचे फक्त तासच मोजतात. मी सहा वर्षे त्या बाजूलाही काढली आहेत.

माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो फसवला गेला आहे तो पदनामाने. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही मुळात नऊ तासांपुढे किंवा आठवड्याच्या अठ्ठेचाळीसपुढे दुप्पट दर ठेवला होता. त्यातून विश्वासाच्या, व्यवस्थापनाच्या आणि देखरेखीच्या जागा वगळल्या आहेत. मग काय, साऱ्यांनाच देखरेख करायला लावली! पोरगा कपड्यांच्या घड्या घालतो, खोकी उचलतो, बिल फाडतो. त्याच्या हाताखाली कोणी नाही, कोणाची रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, पण पट्ट्यावर सुपरवायझर. वस्तीत त्याच्या आईला बरे वाटते. वगळलेल्यांची यादी दर्शनी जागी लावायची असते. त्याने ती कधी पाहिलेली नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका औषध कंपनीतल्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की हुद्द्याचे नाव पाहायचे नसते, माणसाचे मुख्य काम काय ते पाहायचे असते. हा निकाल चाळीस वर्षांचा झाला आणि पट्टे अजून छापले जातात.

हिशेबातही हातचलाखी असते. समजा पगार २०,८०० रुपये. आठवड्याची सुट्टी पगारात धरलेली असल्याने २६ ने भागायचे: दिवसाचे ८००, तासाचे १००, जादा तासाचे २००. भागाकार ३० ने केला की तोच जादा तास १७३ रुपयांवर येतो. शिवाय भत्ते सोडून नुसता मूळ पगार धरला तर आणखी खाली. कारखाने कायद्यात दर ठरवताना भत्ते धरायचे असे स्पष्ट होते. एवढे गणित आमच्या वाणिज्य शाखेतही कोणी मुलांना घालत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतही दुप्पट दर आहे, आणि जादा कामाला कामगाराची संमती हवी असे आहे. पण सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत हे संरक्षण 'कामगारा'ला आहे, आणि देखरेखीचे काम करून महिन्याला अठरा हजारांहून अधिक घेणारा त्या शब्दात बसत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकानांतले रोजचे तास नऊवरून दहा आणि कारखान्यांतले बारापर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. आठवड्याचे अठ्ठेचाळीस कायम आहेत, असे सांगितले जाते. आठवड्याचा हिशेब ठेवतो कोण? आणि संमतीचे म्हणाल तर फोन आल्यावर 'येतो सर' म्हणणे हीसुद्धा संमतीच धरली जाणार.

या सगळ्यात वेठ हा शब्द मी उगाच ओढून आणतो आहे, असे एका मित्राने हे टिपण वाचून सांगितले. त्याला मी २०२० चा निकाल दाखवला. टाळेबंदीत गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तासांची पाळी आणि जादा तासांना साधाच दर अशी सूट दिली होती. गुजरात मजदूर सभा न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली, जादा कामाचे पैसे द्यायला लावले, आणि जादा कामाचा हक्काचा दर नाकारणे हा जगण्याच्या हक्कावर आणि सक्तीच्या श्रमाविरुद्धच्या हक्कावर घाला आहे असे म्हटले. सक्तीच्या श्रमाविरुद्धचा हक्क म्हणजे घटनेचे २३ वे कलम. वेठ हा शब्द तिथेच आहे.

त्या मित्राचा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा होता. गटारात उतरलेला माणूस गुदमरून मरतो आहे आणि तू पगारदारांच्या रविवारची चिंता करतोस? हा प्रश्न मी टाळू शकत नाही. माझे उत्तर एवढेच की कंत्राटावरचा सफाई कामगार आठवड्याची सुट्टी घेत नाही. घेतली तर त्या दिवसाची मजुरी जाते. त्याला सुट्टी म्हणजे उपास. पगारी सुट्टी आणि दुप्पट दर हे ज्यांच्याकडे कागदावर तरी आहेत, त्यांनीच ते मागायची लाज धरली, तर कंत्राटावरच्या माणसाने ते कोणाकडे पाहून मागायचे?

आणि ही लाज पुरुषाची जास्त आहे. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये सरकारी नोकरी आणि घर एकमेकांत असे गुंतलेले आहेत की तिथे वेळेचा जाच आपोआप जाणवतो. कचेरीतून सुटलेल्या बाईची दुसरी पाळी घरी सुरू होत असते, त्यामुळे वेळ विसरण्याची चैन तिला परवडत नाही. आपल्या समीक्षेने 'आयदान' जात आणि स्त्रीत्व या अंगांनी पुष्कळ वाचले. श्रमाच्या वेळेच्या अंगाने ते अजून नीट वाचलेले नाही. मीही वाचले नव्हते.

त्या विद्यार्थ्याला मी भित्तिपत्रकासाठी लिहायला सांगितले. त्याने दोन पाने आणून दिली. दर परिच्छेदाच्या सुरुवातीला आकडे: आत १.५०, बाहेर ११.२०, रविवार, आत ९.४०, बाहेर ८.०५. मधे मजकूर थोडका. गोदामातला पंखा, गिऱ्हाइकाने फेकलेली साडी, शेवटची बस चुकल्यावरची चाल. लेखनाला ओघ यावा म्हणून मी सवयीने सगळ्या आकड्यांवर लाल रेघ मारली. रात्री वडिलांना तो कागद दाखवला. त्यांनी मजकूर वाचला नाही, नुसत्या रेघेखालच्या आकड्यांवरून बोट फिरवत गेले आणि म्हणाले, "ह्या रविवारचे साडेदहा होतात जवळजवळ. डबल लावलाय का ह्याला?"

दुसऱ्या दिवशी मी ती पाने त्याला परत दिली आणि आकड्यांसकट उतरवून आणायला सांगितले.