फारुकींचा शेवटचा पुरुष

थाळनेरला तापीच्या काठी फारुकी सुलतानांची थडगी आहेत. धुळे-जळगावकडील पुष्कळ वाचकांनी ती पाहिली असतील. परंतु त्या घराण्याचा शेवटचा राजा कोण, व त्याचे पुढे काय झाले, असे विचारल्यास बहुतेकांस निरुत्तर व्हावे लागेल. दोष वाचकांचा नव्हे. माझ्या वाचनात आलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत बहादूरशहा फारुकीस कोठेच जागा मिळालेली नाही.

फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजास थाळनेर दिले व इकडे हे घराणे उदयास आले. त्याच सुमारास वेल्सच्या बुडालेल्या राजवंशाचा वारस ओवेन फ्रेंचांच्या पदरी शिपाईगिरी करीत होता. १३७२ साली त्याने पॅरिस येथे वेल्सवरील आपला हक्क जाहीर केला. १३७८ मध्ये इंग्रजांच्या एका हस्तकाने विश्वासघाताने त्याचा खून केला व वीस पौंड बक्षीस मिळविले. ओवेनच्या हाती वेल्सची वीतभर भूमीही लागली नाही. तथापि तो मेला हे लोकांनी मानलेच नाही. आपल्या मुचकुंदाप्रमाणे तो गुहेत निजला आहे अशी दंतकथा झाली. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या तोतयास अनुयायी मिळाले ते याच मनोवृत्तीमुळे.

बहादूरशहाची कथा काही कमी करुण नाही. राजपुत्रांना असीरगडावर कोंडून ठेवावे, ही या घराण्याची रीत. तोही तसाच बंदिवासात वाढला. १५९७ साली बाप राजा अलीखान गोदातीरी मोगलांच्या बाजूने लढताना पडला, तेव्हा हा कैदेतून निघून एकदम गादीवर बसला. तीन वर्षे पुरती होतात न होतात तोच अकबराचा वेढा! गड पडला कसा, याविषयी मात्र दोन साक्षी आहेत. अबुल फजल बादशहाचा चाकर. तो धन्याला उणेपणा येऊ देत नाही. छावणीत असलेल्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांवरून लिहिलेला वृत्तांत सांगतो की, अकबराने शपथ देऊन बहादूरास खाली बोलाविले, परत जाऊ दिले नाही, व गडकऱ्यांना सोने चारले. व्हिन्सेंट स्मिथने १९१७ साली ही दुसरी हकीकत उचलून धरली. मला ती उत्सुकतेने मान्य करण्याचा मोह होतो. परंतु पाद्रीही तटस्थ नव्हते, हे विसरून चालणार नाही. १७ जानेवारी १६०१ रोजी गड हाती आला, बहादूरास ग्वाल्हेरीस पाठविले व १६२४ साली तो आग्र्यास वारला, एवढे निश्चित.

लोकांनी त्याला का जपले नाही? मला वाटते, त्यांनी त्याला पाहिलेच नव्हते. ज्या घराण्याने आपले वारस प्रजेपासून तटाआड दडविले, त्याच्या वारसाची वाट प्रजेने कशी पाहावी? अकबराने मुलूख शहाजादा दानियालला देऊन त्याचे नाव ‘दानदेश’ ठेविले. तेही लोकांच्या तोंडी राहिले नाही. कादंबरीकारास विषय हवा असेल, तर असीरगडाचा दरवाजा बहादूरास दोनदा ओलांडावा लागला: एकदा सिंहासनाकडे जाताना, एकदा अकबराच्या छावणीकडे उतरताना.