'उत्तरेस गेले'

आमच्या कुलवृत्तान्तात सहा पिढ्यांमागील एका चुलत पूर्वजाच्या नावापुढे एवढाच मजकूर आहे : 'तीर्थयात्रेस उत्तरेस गेले. निर्वंश.' नोकरीनिमित्त दिल्लीत येऊन राहिलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी नोंद असेल. अशा नोंदीने कोणाचे समाधान व्हावे? परंतु ती वाचावी कशी, हे मला विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाने शिकविले.

गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. १८५७ साली ते चुलते रामभट यांच्यासह उत्तरेस निघाले, ते बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेच्या यज्ञात मोठी दक्षिणा मिळेल या आशेने. कारण घर कर्जात बुडाले होते. वाटेत बंडाने त्यांना गाठले, आणि १८५८ साली सर ह्यू रोजने झाशी घेतली तेव्हा ते शहरातच होते. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. आता हाच गृहस्थ कुलवृत्तान्ताच्या संपादकाच्या हाती सापडला असता, तर त्याने काय लिहिले असते? 'तीर्थयात्रेस उत्तरेस गेले.' त्यात खोटे काहीच नसते. फक्त कर्ज गळाले असते.

या ग्रंथाची थोरवी सामान्यतः राणी लक्ष्मीबाईंच्या वर्णनात शोधली जाते. मला ती झाशीच्या लुटीच्या वर्णनात अधिक दिसते. आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापड, मग धान्य : घरातून काय काय आणि कोणत्या क्रमाने गेले, हे भटजी सांगतात. इतिहासकाराला ही दृष्टी सहसा नसते. ज्याच्या स्वतःच्या घरातील भांडी सावकाराच्या भीतीने मोजली गेली आहेत, त्याची ही दृष्टी होय. गंगाधररावांविषयीच्या गावगप्पाही ते त्याच निःशंकपणे नोंदवितात. त्या सगळ्या खऱ्या मानण्याचे कारण नाही. पण झाशीतील लोक काय बोलत होते, हे त्यातून कळते.

ग्रंथाचे पुढे जे झाले, तेही कुटुंबाच्या कागदांविषयी बरेच सांगून जाते. चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून भटजींनी १८८३ साली, म्हणजे घटनांनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, हे लेखन केले. आणि ते आपल्या हयातीत छापू नये अशी इच्छा दर्शविली. वैद्यांनी १९०७ साली ते प्रसिद्ध केले खरे, पण मजकुरात फेरफार करून. परक्या राज्यात छापावयाचे होते, हे लक्षात घेऊनही हा हस्तक्षेप मला क्षम्य वाटत नाही. मात्र त्याच वैद्यांनी १९२२ साली मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले, म्हणूनच दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली मूळ पाठ वाचकांपुढे ठेवता आला. ज्याने कागद बदलला त्यानेच तो जपला! कुलवृत्तान्ताच्या संपादकांनी निदान वैद्यांचा हा दुसरा गुण तरी घ्यावा. छापील ग्रंथ सिद्ध झाला की मूळ टिपणे, पत्रे, याद्या रद्दीत जातात, आणि सोवळा झालेला मजकूर तेवढा उरतो. त्यात कर्जे नसतात, भांडणे नसतात, विधवांची नावेही पुष्कळदा नसतात.

सरकारी दप्तर ही उणीव भरून काढील, अशी आशा मीही बाळगली होती. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १८५७ च्या बंडाचे कागद विपुल आहेत. परंतु जो आरोपी नाही, फिर्यादी नाही, पेन्शनर नाही, अशा माणसाचे नाव दप्तरात सहसा येत नाही. दिवसभर फायली हाताळणाऱ्याला हे निराळे सांगावे लागू नये. त्याहून हरिद्वार, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या बऱ्या. तेथे यात्रेकरू आपले गाव, वाडवडील, सोबतीची माणसे लिहून ठेवतो. क्वचित स्वतःच्या हस्ताक्षरात.

आमच्या त्या पूर्वजाची नोंद अशा वहीत मला अद्याप मिळालेली नाही. गावाकडच्या पेटीत मात्र शके १७७८ चे, म्हणजे सन १८५६ चे, एक मोडी कर्जखत निघाले. त्यावर त्याचे नाव आहे. कुलवृत्तान्ताच्या नव्या आवृत्तीसाठी दुरुस्त्या मागविल्या आहेत. मी खताची नक्कल पाठविली, आणि ती नोंदीशेजारी जशीच्या तशी छापावी असे कळविले. संपादकांचे उत्तर आले, की कुळाच्या ग्रंथात अशा गोष्टी शोभत नाहीत. मी त्यांना 'माझा प्रवास' पाठवीत आहे. अर्थात पोतदारांची प्रत.